मस्टरमधली रिकामी घरं

नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी १९ वर्षं काम केलं. कोण किती वाजता गेटातून आत आला, किती वाजता बाहेर पडला, कुणाची रजा शिल्लक आहे, कुणाचा ओव्हरटाइम राहिला आहे, हे सगळं लिहून ठेवणारी ती खोली. २००६च्या जूनमध्ये कंपनीने कामगारांसाठी व्यायामवर्ग सुरू केला आणि त्याचं मस्टर साहजिकच माझ्याकडे आलं. ट्रेनिंग हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस शहरातून एक शिक्षक येत. कँटीनबाहेर सूचना लागली, नाव देणाऱ्या प्रत्येकाला कंपनीचं चिन्ह असलेला टी-शर्ट मिळाला. पहिल्या आठवड्यात ५८ नावं आली. गणपतीपर्यंत त्यातल्या निम्म्या नावांपुढची घरं रिकामी राहू लागली. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग पुन्हा भरला तेव्हा सतरंजीवर ७ जण होते.

डिसेंबरात मला वर्गाबद्दल टिपण लिहायला सांगितलं. मी दोन ओळी लिहिल्या : ‘कामगारांमध्ये व्यायामाबाबत उदासीनता दिसून येते. वर्ग पुढे चालू ठेवणे व्यवहार्य वाटत नाही.’ त्या टिपणावर सही झाली, वर्ग बंद झाला, सतरंज्या स्टोअरमध्ये गेल्या.

हा लेख म्हणजे त्या दोन ओळींची उशिरा केलेली दुरुस्ती आहे. मी या विषयाचा पदवीधर नाही. २०१५मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर एका माणसाच्या बोलण्यामुळे मला हा प्रश्न लागला, आणि मग मिळेल तिथून वाचत गेलो. इंग्रजी शोधनिबंध शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. त्यातल्या आकड्यांची मात्र भीती वाटली नाही, कारण जन्मभर हजेरीच मोजली होती. नोकरदार माणसाला व्यायामाला कसं आणावं आणि आणल्यावर कसं टिकवावं, या प्रश्नावर जगात बराच विचार झाला आहे, बराच पैसा खर्च झाला आहे आणि बऱ्याच लोकांनी माझ्यासारखीच घाईने टिपणं लिहिली आहेत.

लंडनची दुमजली बस

काम आणि शरीर यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यास सुरू होतो तो लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस हे तिथले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढत होते आणि कारण सापडत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतले ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष अभ्यासासाठी घेतले. दुमजली बसमध्ये दोन माणसं काम करतात. एकच बस, एकच रस्ता, पगारही जवळपास सारखा. चालक पाळीभर बसून असतो. वाहक मात्र तिकिटं फाडत दिवसभर वरखाली करतो, रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढतो. १९५३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले. हृदयविकार चालकांमध्ये दर हजारी वर्षाला २.७, तर वाहकांमध्ये १.९ इतका आढळला होता. शिवाय वाहकाला आजार झालाच तर तो उतारवयात आणि सौम्य रूपात होत होता. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे टपाल खात्यातले इतर कर्मचारी यांच्यातही तसाच फरक दिसला.

व्यायामावर लिहिणारे बहुतेक लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मॉरिस यांना स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल शंका आली. चालकाची नोकरी पत्करणारा माणूस मुळातच वेगळा असेल तर? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. प्रत्येकाला शिवून दिलेल्या विजारीचं कमरेचं माप कंपनीच्या दप्तरात होतं. त्या मापांवरून दिसलं, की चालक तरुण वयातही वाहकांपेक्षा कमरेने रुंद होते. म्हणजे फरकाचा काही भाग तरी बसमध्ये चढण्याआधीचाच होता. हा छोटासा निबंध १९५६मध्ये, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला.

शारीरिक हालचाल हृदयाला उपकारक आहे हे त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी पक्कं केलं आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले आणि म्हातारपणीही नेमाने पोहत, चालत राहिले. पण विजारीच्या मापांनी विचारलेला प्रश्न तसाच राहतो. एखाद्या ठिकाणी धडधाकट माणसं दिसली, तर ती तिथे आल्यामुळे धडधाकट झाली, की धडधाकट होती म्हणून तिथे आली? कामाच्या जागेवरच्या व्यायामवर्गाबद्दल बोलताना हा प्रश्न हाताशी ठेवावा लागतो.

कामगाराचा व्यायाम कुणाला हवा असतो?

कामगाराने व्यायाम करावा असं सगळ्यात आधी कुणाला वाटलं, याचा शोध घेताना मला विमा कंपनी भेटली. अमेरिकेतली मेट्रोपॉलिटन लाइफ ही कंपनी १९२५पासून सकाळी रेडिओवर व्यायाम प्रसारित करू लागली. हिशेब सरळ होता. विमाधारक जितका जास्त जगेल तितके हप्ते जास्त भरेल. जपानच्या टपाल खात्याकडे तेव्हा साध्या आयुर्विम्याची योजना होती. त्या खात्याच्या माणसांनी अमेरिकेतला हा प्रकार पाहिला आणि १ नोव्हेंबर १९२८ रोजी, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने, जपानी रेडिओवर ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओ व्यायाम सुरू झाला. युद्धकाळात त्याला कवायतीचं रूप आलं. पराभवानंतर १९४७मध्ये तो बंद पडला आणि १९५१मध्ये नव्या संगीतासह परतला. आजही सकाळी साडेसहाला तो लागतो. उन्हाळी सुटीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात जातात आणि रोजच्या हजेरीचा शिक्का घेतात.

कारखान्यांत आणि बांधकामांच्या जागी काम सुरू होण्याआधी हाच व्यायाम होतो. पहिल्या संचात १३ हालचाली आहेत आणि त्यांना तीन-सव्वातीन मिनिटं लागतात. कपडे बदलावे लागत नाहीत. जिथे उभे आहात तिथेच करायचा असतो. साहेबही त्याच रांगेत हात वर करतो. सगळे करत असताना आपणच बाजूला उभं राहणं अवघड जातं. हा दबाव सगळ्यांना आवडतो असं मी म्हणणार नाही, पण हजेरीचा प्रश्न तिथे जवळपास उरतच नाही.

आपल्याकडे वाट वेगळी होती. गिरणगावात तालमी होत्या, कबड्डीचे संघ होते. लेझीम होती, मल्लखांब होता. हे सगळं वस्तीचं होतं. कामगार ते आपल्या वेळात, आपल्या माणसांबरोबर करत होता. १९४८च्या कारखाना कायद्याने कँटीन, पाळणाघर, हातपाय धुण्याची सोय, सलग पाच तासांहून जास्त काम नको आणि मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, असं बरंच काही मालकावर बंधनकारक केलं. व्यायाम त्यात नव्हता. १९५३च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कामगार कल्याण केंद्रं उभी राहिली. त्यांपैकी अनेकांत व्यायामशाळा आल्या. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा आपल्या वाचकांना माहीत आहेतच. त्या निधीत इतर रकमांबरोबर कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि त्यांनी न उचललेला पगारही जमा होत असे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे त्या व्यायामशाळांमधल्या डंबेल्सचे काही पैसे कामगारांच्या उशिरा येण्यातून आले होते. माझ्यासारख्या टाइम ऑफिसच्या माणसाला हे वाचून गंमत वाटली आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

दुसरी वाट खेळाडूभरतीची. रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या यांनी क्रिकेटपटूंना, कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या. मुंबईत टाइम्स शील्डसाठी कार्यालयांचे संघ वर्षानुवर्षं लढले. त्यातून उत्तम खेळाडू घडले, अनेक घरांना आधार मिळाला. पण कार्यालयात व्यायाम म्हणजे अकरा जणांनी खेळायचं आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी समजूतही त्यातून रुजली. सर्वांसाठी काहीतरी करावं हा विचार सरकारी पातळीवर अलीकडचा आहे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने कचेरीत करता येईल असा पाच मिनिटांचा योगक्रम ‘वाय-ब्रेक’ या नावाने तयार केला आणि २०२१च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने त्याचा प्रसार करण्याबद्दल सर्व मंत्रालयांना कळवलं.

गरज किती आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२मध्ये भारतातले जवळपास ४९ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे फार नाही. आठवड्याला मध्यम गतीचा १५० मिनिटं व्यायाम, भरभर चालणं धरून.

पैसे दिले तर?

माझ्या कंपनीने टी-शर्ट दिला. अमेरिकी कंपन्यांनी रोख पैसे देऊन पाहिले आहेत, आणि तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा हिशेबही ठेवला आहे.

आधी माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरतो तेव्हा काय होतं ते पाहू. दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांमधल्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांतल्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळाच गेले होते. प्रत्येक खेप त्यांना १७ डॉलरहून महाग पडली. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. नाव नोंदवताना माणूस ज्या स्वतःची कल्पना करतो, तो माणूस प्रत्यक्षात सकाळी उठत नाही. आपल्याकडच्या जिममध्ये जानेवारीत होणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग मालकाने पैसे दिले तर? अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या आवारातच व्यायामशाळा होती. तिथल्या १,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला आणि २०१५मध्ये त्याचे निष्कर्ष छापले गेले. काहींना चार आठवडे प्रत्येक खेपेला १० डॉलर देऊ केले, आठवड्याला जास्तीत जास्त तीन खेपांसाठी. उपस्थिती चांगलीच वाढली. पैसे थांबले तशी ती बहुतेक ओसरली. पण त्या गटातल्या काही जणांपुढे आणखी एक पर्याय ठेवला होता. पुढचे दोन महिने सलग १४ दिवस खाडा करणार नाही, असं म्हणून स्वतःचे हवे तेवढे पैसे पणाला लावायचे. वचन पाळलं तर पैसे परत, मोडलं तर धर्मादाय संस्थेला. ज्या गटाला हा पर्याय मिळाला त्याची उपस्थिती दीर्घकाळ, अगदी काही वर्षांनंतरही, थोडी वरच राहिली. मात्र हा पर्याय घेणारे लोक दहात एकाच्या आसपास होते.

हातात आलेला पैसा जाण्याची टोचणी, पैसा मिळण्याच्या आनंदाहून मोठी असते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८१ वजनदार कर्मचाऱ्यांवर याचीच परीक्षा घेतली गेली. रोज ७,००० पावलं चालायची. एका गटाला लक्ष्य गाठलं त्या दिवशी १.४० डॉलर मिळत. दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा होत आणि चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० कापले जात. रक्कम तीच. काहीच न मिळणाऱ्या गटाने ३० टक्के दिवशी लक्ष्य गाठलं, मिळवणाऱ्या गटाने ३५ टक्के आणि गमावणाऱ्या गटाने ४५ टक्के दिवशी. पगारातून कापलेला अर्धा दिवस कामगाराला बोनसपेक्षा जास्त दिवस आठवतो, हे मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण पैशांचे १३ आठवडे संपल्यानंतरच्या काळात या गटांमधला फरकही विरत गेला.

२०२१मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला प्रयोग यांतला सगळ्यात मोठा. एका अमेरिकी व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या वापरल्या गेल्या. आठवणीचे संदेश, बक्षिसं, नियोजन, सगळं काही. त्यांतल्या सुमारे निम्म्या युक्त्यांनी उपस्थिती वाढवली. चार आठवडे उलटल्यावरही परिणाम टिकला अशा युक्त्या मात्र ८ टक्केच निघाल्या. सगळ्यात पुढे राहिली ती एक साधी युक्ती : खाडा झाल्यानंतर जो पुन्हा आला, त्याला थोडं जास्तीचं बक्षीस. न चुकणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. चुकून परत आलेल्याकडे कुणी पाहत नाही, आणि तोच माणूस हातचा जाण्याच्या काठावर असतो. माझ्या मस्टरमध्ये लागोपाठ तीन खाडे पडले की मी त्या नावापुढे लाल रेघ मारत असे.

आधीच आलेले लोक

आता विजारीच्या मापांकडे परत येतो.

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर खर्च केल्याने कंपनीचा फायदा होतो का? २०१०मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं होतं, की अशा कार्यक्रमांवर एक डॉलर खर्च केला की उपचारखर्चात ३.२७ डॉलर वाचतात. हा आकडा जगभरच्या व्यवस्थापकांच्या सादरीकरणांत गेला. पण ते जुने अभ्यास बहुतेक वेळा भाग घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना करत होते.

इलिनॉय विद्यापीठाने २०१६मध्ये चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. १२,४५९ पात्र कर्मचाऱ्यांपैकी ४,८३४ जण सहभागी झाले. त्यांतल्या काहींना, कोण ते नशिबावर सोडून, आरोग्य तपासणी आणि वेगवेगळे वर्ग खुले केले, उरलेल्यांना नाही. बोलावलेल्यांपैकी तपासणीपर्यंत निम्म्याहून थोडे जास्त आले आणि पहिल्या हंगामातला वर्ग पूर्ण केला तो सुमारे चौथाईने. तपासणीसाठी काहीच न देण्याऐवजी १०० डॉलर दिले तर उपस्थिती साधारण १२ टक्क्यांनी वाढली. १०० ऐवजी २०० दिले तर जेमतेम आणखी ४ टक्क्यांनी. उपचारखर्चात मात्र काही फरक पडला नाही. संशोधकांनी मग मुद्दाम जुन्या पद्धतीने, म्हणजे फक्त आलेले आणि न आलेले अशी तुलना करून पाहिली. तेव्हा वर्गाचे मोठे फायदे झाल्यासारखे दिसले. कारण आलेले लोक आधीपासूनच जास्त व्यायाम करणारे आणि डॉक्टरवर कमी खर्च करणारे होते.

२०१०चा तो प्रसिद्ध आकडा देणाऱ्यांपैकी दोघांनी पुढे स्वतःच एक मोठा प्रयोग केला. एका किरकोळ विक्री कंपनीच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांपैकी २० ठिकाणच्या लोकांना दीड वर्ष कार्यक्रम दिला. २०१९मध्ये आलेले निष्कर्ष असे : आम्ही नियमित व्यायाम करतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ८ टक्क्यांहून थोडं जास्त वाढलं होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, उपचारखर्च, गैरहजेरी यांत फरक नव्हता. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी परीक्षा घेऊन ती छापायला धैर्य लागतं. मॉरिस यांच्या विजारींची आठवण मला तिथे झाली.

यावरून व्यायाम निरुपयोगी आहे असा अर्थ निघत नाही. दीड वर्षात रक्तदाबाचे आकडे हलण्याइतका व्यायाम, ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापर्यंत पोचला नाही, असा माझा अर्थ आहे. वर्ग भरतो, त्यात मुळातच तंदुरुस्त माणसं येतात, आणि व्यवस्थापन त्यांचे फोटो वार्षिक अहवालात छापतं.

घड्याळ कुणाचं?

मग न येणारा का येत नाही? पैशांच्या प्रयोगांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वेळ कर्मचाऱ्याचा. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या काही अभ्यासकांनी हेच गृहीत बदललं.

डेन्मार्कच्या तीन रुग्णालयांमधल्या २०० महिला कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१५मध्ये आला. पाठ, मान, खांदे दुखणं हा त्यांचा रोजचा अनुभव. दोघी गटांना दहा आठवडे तोच सल्ला : आठवड्यातून पाचदा, प्रत्येकी दहा मिनिटं व्यायाम. एका गटाने तो घरी, आपल्या वेळात करायचा. दुसऱ्याने कामाच्या जागी, कामाच्या वेळात, सहकाऱ्यांबरोबर. घरी करणाऱ्यांकडून आठवड्याला सरासरी एकच वेळा झाला. कामावर करणाऱ्यांकडून २.२ वेळा. दुखणंही त्यांचंच जास्त कमी झालं. पाचपैकी पाच कुठेच झाले नाहीत हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

डेन्मार्कमधलाच २०११चा आणखी एक अभ्यास माझ्यासारख्या खुर्चीवाल्यांसाठी. मान आणि खांदे दुखणाऱ्या १९८ जणांना रबरी पट्ट्यांचा व्यायाम दिला, काहींना रोज १२ मिनिटं, काहींना रोज फक्त २ मिनिटं. दहा आठवड्यांत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटांसाठी हॉल लागत नाही, टी-शर्टही लागत नाही.

कामाचा वेळ दिला तर उत्पादन बुडेल, ही व्यवस्थापनाची भीती मला ठाऊक आहे. आमच्याकडे दहा मिनिटांच्या चहाचाही हिशेब लागे. स्वीडनमध्ये दंतसेवेच्या सहा केंद्रांतल्या १७७ महिला कर्मचाऱ्यांपैकी एका गटाला आठवड्यातले अडीच तास कामाच्या वेळातून व्यायामासाठी दिले, आणि तो सक्तीचा केला. दुसऱ्या गटाला तेवढेच तास नुसते मोकळे दिले. वर्षभरात तपासलेल्या रुग्णांची संख्या घटली नाही. सहा केंद्रांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. पण ती भीती तपासून पाहावी इतका आधार त्यातून नक्की मिळतो.

बस नव्हती

आता तो माणूस. आमच्या शॉपमध्ये एक ओव्हरहेड क्रेन होती. तिचे चालक आम्हा सगळ्यांचे अण्णा. पाळीभर वरच्या केबिनमध्ये बसून असत. खाली साखळ्या अडकवणारा पोरगा दिवसभर धावत असे. लंडनची बस वाचताना मला हे दोघे दिसले ते उगाच नाही. २०१६मध्ये अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. मी त्यांना ओझरला घरी भेटायला गेलो. बोलता बोलता म्हणालो, “अण्णा, तेव्हा तो व्यायामाचा वर्ग सोडायला नको होता तुम्ही.”

ते हसले. म्हणाले, “सोडला नाही रे बाबा. बस नव्हती.”

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. जनरल शिफ्ट पाचला सुटे. वर्ग सव्वापाचला सुरू होई. कंपनीची बस पाच-वीसला निघे. त्यानंतरची बस रात्री दुसरी पाळी सुटल्यावर. ओझरला परत जायला शहरातून दोन गाड्या बदलाव्या लागत.

नोकरी सोडताना रद्दीत निघालेलं ते मस्टर मी साहेबांना विचारून घरी आणलं होतं. त्या रात्री ते उघडलं. कुठली बस कुणाची हे मला पाठ होतं, कारण बसचे पासही आमच्याच खिडकीतून जात. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने मार्ग लिहिला : ओझर, नाशिकरोड, देवळाली, पंचवटी. ५८ पैकी ४४ जण कंपनीच्या बसने जाणारे होते. दिवाळीनंतर उरलेल्या ७ जणांत बसने जाणारा एकही नव्हता. सहा जण स्वतःच्या दुचाकीवाले, एक जण जवळच्या वसाहतीत राहणारा. अण्णांची हजेरी ११ दिवस लागली होती. त्यांना विचारलं तेव्हा कळलं, की ते दिवस शेजारच्या गावच्या एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून ते घरी गेले. पुढे तो सहकारी दुसऱ्या पाळीत गेला.

मस्टरमध्ये चार बायकांची नावं होती, सगळी पॅकिंगमधली. त्या दोन आठवडे आल्या. त्यातल्या एक ताई अजून भेटतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “भाऊ, तुमचा वर्ग सुटायचा तेव्हा माझ्या घरी कुकर चढायचा असायचा. आणि हॉलला काचा. साडीवर हात वर कसे करायचे सगळ्यांसमोर?” बायकांना बदलायला खोली नव्हती, हे ट्रेनिंग हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असूनही मला कधी सुचलं नव्हतं. कंत्राटी कामगारांची तर गोष्टच नाही. सगळ्यात जास्त ओझी तेच उचलत. त्यांचे गेटपास वेगळे असल्यामुळे त्यांची नावं माझ्या मस्टरमध्ये येणारच नव्हती.

आणखी एक कारण तेव्हाही माझ्या कानावर आलं होतं. वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांची वजनं घेतली आणि यादी पर्सोनेलला गेली. शॉपमध्ये विनोद फिरू लागला : ‘आधी वजन कमी करतील, मग माणसं कमी करतील.’ मी हसलो होतो. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांचे ते दिवस होते. तो विनोद करणाऱ्यांना हसू येत होतं की नाही, हे मी पाहिलं नाही.

आज कुणी मला तेच टिपण पुन्हा लिहायला सांगितलं तर मी वेगळं लिहीन. वर्ग कामाच्या वेळात घ्या, निदान निम्मा. लहान घ्या. जपानी कारखान्यात सव्वातीन मिनिटं पुरतात, डेन्मार्कमध्ये दोनही पुरली. अंगावरच्या कपड्यांत, मशीनशेजारी करता येईल असं काही द्या. साहेबांनी रांगेत उभं राहावं. वजनाची यादी शिक्षकापाशीच राहावी. खाडा करून परत येणाऱ्याला लाल रेघ नको, हाक हवी. कंत्राटी माणसालाही सतरंजी असावी. बक्षीस द्यायचंच असेल तर द्या, पण त्याआधी बसचं वेळापत्रक बघा. वर्ग सुटल्यावर पंधरा मिनिटांनी एक बस सोडायला कंपनीला जो डिझेलचा खर्च आला असता, तो ५८ टी-शर्टांपेक्षा फार जास्त नसावा.

अण्णा आता रोज सकाळी ओझरच्या मोकळ्या रस्त्याने तीन किलोमीटर चालतात. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मधल्या दहा वर्षांत ते चालले असते तर काय झालं असतं, हे कुठलाही अभ्यास मला सांगू शकत नाही, आणि मीही तसा दावा करणार नाही. एवढंच सांगू शकतो, की २००६ साली त्यांच्या नावापुढे ११ हजेऱ्या होत्या, त्यानंतरची घरं रिकामी होती, आणि ती घरं वाचायचं काम माझं होतं.